घोट्याची चिठ्ठी

उत्तरेचा वारा सुटला की आमच्या धाकट्या डहाणूत दोन गोष्टी एकदम टांगल्या जातात. दोऱ्यांवर बोंबील आणि विजेच्या खांबांवर कबड्डीचे फलक. बोंबील टांगायची रीत अशी, की एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर सोडायची. फलकावर गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो असतात, तेही असेच एकमेकांत अडकलेले. वारा दोघांनाही सारखाच सुकवतो.

यंदाही फलक लागले. मैदानाची माती खणून, खडे वेचून, पाणी मारून दाबून ठेवली आहे. त्या ओल्या मातीचा आणि सुकत्या मासळीचा वास एकत्र झाला की बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि आम्हाला भूक लागते. पण यंदा तो वास आला आणि मी हातातला बोंबील तसाच धरून उभी राहिले. गेल्या वर्षीची थंडी अंगावर चालून आली. एवढे धक्के एका थंडीत मी कधी खाल्ले नव्हते. आणि ते कशापायी, तर एका पोरीच्या घोट्यापायी!

हर्षू माझ्या भावाची मुलगी. नवरा गेल्यापासून मी भावाकडेच असते, बाजारात सुकी मासळी विकते. सुकट बांधायच्या रद्दीवरची अक्षरं लावता लावता वाचायला शिकले, तर हे असं लिहितेही. हर्षू आमच्या गावच्या मुलींच्या संघात चढाईला जाते. जाते कसली, वाऱ्यासारखी घुसते. बारीक अंगाची, काटकुळी, पण समोरच्या मुली तिला हात लावीपर्यंत ती मध्यरेषेवर परत. त्या संध्याकाळी सराव चालू होता आणि मी बाजूला बसून जवळा निवडत होते. हर्षूनं उडी मारली ती दुसऱ्या मुलीच्या पावलावर आली. कट्. वाळली काठी मोडावी तसा आवाज. तो मी इतक्या लांबून ऐकला. जवळा सुपासकट हातातून गेला.

आता मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. आमच्याकडे पायाळू माणसाच्या पायाला फार मान. कुणाची कमर धरली, पाय मुरगळला, की सकाळी उपाशीपोटी आमच्या दारात. मी दुखऱ्या जागेवरून पाऊल फिरवायचं आणि हळूच लाथ द्यायची. बोटी हाकणाऱ्या भल्याभल्या तांडेलांना मी लाथा घातल्यात, आणि वर ते मला पापलेट देऊन जातात. तेव्हा हर्षूच्या घोट्यावरूनही मी मोठ्या विश्वासानं पाऊल फिरवलं. पोर किंचाळली. सकाळी बघते तर घोटा वांग्यासारखा जांभळा आणि वांग्याएवढाच फुगलेला. रंजनानं, म्हणजे हर्षूच्या आईनं, आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घातला, वर जुन्या लुगड्याची पट्टी आवळली आणि फर्मान काढलं, "पाय जमिनीला लावशील तर बघ!"

पोरगी खाटेवर. बाहेर मैदानात मुलींचा कबड्डी-कबड्डीचा घोष चालायचा आणि ही भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवायची नाही, भांडायची नाही. भांडत नाही म्हटल्यावर मात्र मी घाबरले. शेवटी रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेली.

तिथल्या डॉक्टरांनी लेप धुऊन काढला, घोट्याच्या हाडावर इथे तिथे दाबलं, चार पावलं टाकायला लावली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. फोटोची गरज नाही."

रंजना बघतच राहिली. "फोटो नाही? मग सुई तरी द्या."

"सुईही नको. दोन दिवस सुजलेला घोटा जपा. मग पाय हलवायला लागा."

"हलवायला? अहो, दुखावलाय तो, त्याला बसू द्या की!"

डॉक्टरांनी शेजारच्या खोलीकडे बोट केलं. तिथे एक मुलगी बसली होती, बूट घातलेली, केस वर बांधलेले. मला वाटलं हीपण खेळताना पडून आली असेल. तर ती म्हणे फिजिओ मॅडम, कुठल्याशा कॉलेजातून आलेली. तिचं संशोधन चालू होतं. कशावर? तर मुरगळलेल्या घोट्यांवर! मी तोंडावर पदर धरला. आमच्याकडे संशोधन म्हणजे चंद्रावर यान जातं ते. घोटा काय, तो रोज कुणाचा ना कुणाचा मुरगळतोच.

"तेच तर, मावशी," मॅडम म्हणाली. "रोज मुरगळतो म्हणूनच. खेळणारी मुलं येतात, गोळी घेतात, पट्टी बांधतात, घरी जातात. पुढच्या वर्षी तोच घोटा परत मुरगळतो. मग परत. मग खेळ सुटतो."

हर्षूनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. खेळ सुटतो, एवढंच तिला ऐकू गेलं होतं.

मॅडमचं म्हणणं असं, की घोट्याला पुन्हा उभं राहायला शिकवावं लागतं. व्यायाम सगळ्यांनाच देणार, पण काही जणांना केंद्रात वर्गाला बोलावून व्यायाम शिकवणाऱ्या सरांच्या नजरेखाली, आणि काही जणांना चित्रांचा कागद देऊन घरच्या घरी. कशानं पाय जास्त चांगला बरा होतो ते बघायचं.

"मग जे चांगलं, ते आमच्या पोरीला द्या," रंजना म्हणाली.

"चांगलं कुठलं ते मला माहीत नाही, ताई. म्हणून तर हा अभ्यास."

तुम्हाला सांगते, मी गार पडले. एवढं वय झालं, कुठल्या डॉक्टराच्या तोंडून 'मला माहीत नाही' ऐकलं नव्हतं. वैदू, भगत, मांत्रिक, सगळे बघितले; आणि मला पायाळूला धरून सगळ्यांना सगळं माहीत असतं. आणि ही बूटवाली शांतपणे सांगते, माहीत नाही. शिवाय कोणाला वर्ग आणि कोणाला कागद, ते ठरवायचं कसं? तर चिठ्ठीनं! बंद पाकीट, ज्याच्या नशिबात जे निघेल ते. पसंत असेल तर अभ्यासात या, नसेल तर नका येऊ, औषधपाणी आहे तसंच मिळेल. मध्येच सोडलंत तरी कोणी रागावणार नाही.

बाहेर आल्यावर रंजना मला म्हणाली, "वन्सं, डॉक्टरीण बाई शिकलेली आहे ना? का बाजार समितीवर होती?"

कारण चिठ्ठी आमच्या ओळखीची. नारळी पुनवेनंतर मासळी बाजारात बसायच्या जागा आम्ही चिठ्ठीनं वाटून घेतो. दाराजवळची जागा सोन्याची, आतली मोरीजवळची भांडणाची. पण चिठ्ठी निघाली म्हणजे संपलं असं आमच्यात नसतं. चिठ्ठीनंतर खरा कारभार सुरू होतो. एखादीला ऊन सोसत नाही, तिला दारातली जागा निघाली. दुसरीचं पोर अंगावर पितं, तिला आतली. मग दोघी आपसात ठरवतात, एकमेकींना ओंजळभर सुकट देतात आणि जागा बदलतात. त्यात कोणी लबाडी मानत नाही. उलट जी अडून बसते तिलाच नावं ठेवतात, 'चिठ्ठी घट्ट धरून बसली, जशी काय नवऱ्यानं दिली.'

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी रंजनाला दोष देऊ नये.

आम्ही अभ्यासाला हो म्हटलं आणि हर्षूच्या पाकिटात घरचा कागद निघाला. केंद्रातल्या आमच्याच बाकावर तलासरीकडची एक मायलेकीची जोडी होती. मुलगी मंगल, पोलीस भरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेनं पळायची, खड्ड्यात पाय गेला. आई सोनूबाई, डोंगराकडची, भात-नागली करणारी, मुलीसाठी इतक्या लांब जीपनं आलेली. त्यांना निघाला वर्ग. सोनूबाई कपाळाला हात लावून बसली. "दर दोन दिवसांनी इथं येऊ कशी मी? जीप भरंतवर हालत नाय. आन् शेतावर कोण जाईल, तुझा बा?" लेक खाली बघून पाय चोळत होती.

रंजना सरकून तिच्या शेजारी बसली. तोवर मी बाजाराला निघून गेले होते, तरी पुढचं काय झालं ते जसंच्या तसं सांगू शकते. तुला लांब पडतं, हिला जवळ. वर्गाचं पिवळं कार्ड इकडे आलं, चित्रांचा कागद तिकडे गेला. पुढच्या खेपेला रंजनानं सुकटीची पिशवी दिली, सोनूबाईनं नागलीचं पीठ. व्यवहार पक्का. माझ्या कानावर आलं तेव्हा मी म्हटलं, "शाबास, शहाणी आहेस." मॅडमला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण मॅडमनं स्वतःच बजावलं होतं. ती फक्त पाय मोजायची. घोटा किती वळतो, एका पायावर किती उभं राहता येतं, उडी कुठवर जाते. आणि प्रत्येक वेळी आधी म्हणायची, "तुम्ही वर्गाला येता का घरी करता, ते मला अजिबात सांगायचं नाही हं." असली डॉक्टरीण बघितलीय? रोगी सांगायला जातो आणि ती कानावर हात ठेवते! रंजना म्हणायची, "नको ना सांगू? नाही सांगत."

ती थंडी म्हटली की मला केंद्राची मागची पडवी आठवते. बाहेर चिकूची झाडं, पिकल्या चिकूचा गोड जड वास. आत सगळी लंगडी फौज. क्रिकेटवाले, शिडीवरून घसरलेला एक रंगारी, आणि आमची हर्षू. सर सांगायचे, एका पायावर उभं राहा. मग, डोळे मिटा. मग, घडी केलेल्या गादीवर उभं राहून डोळे मिटा. खाजणात बगळे उभे असतात ना ओहोटीला, तशी रांग. मी म्हटलं, यात काय एवढं, पदर खोचला आणि उभी राहिले. डोळे मिटले मात्र, आणि धरणीच सरकली! थेट रंगाऱ्याच्या मांडीवर. सगळी पडवी खिदळली. तो बिचारा म्हणाला, "आजी, माझा दुसरा तरी पाय ठेवा." मी हसले, पण आतून हादरले होते. जन्मभर ज्या पावलानं गावाला बरं केलं, ते पाऊल मला स्वतःला डोळे मिटून धरून ठेवू शकत नव्हतं.

हर्षू मात्र बदलत होती. आधी भिंतीला हात, मग बोट, मग नुसती भिंतीची आठवण. घरी दात घासताना एका पायावर, चुलीजवळ भाकरीची वाट बघताना एका पायावर. रंजना ओरडायची, "दोन पाय दिलेत देवानं, वापर!" पण ओरडताना तिचा आवाज हलका झालेला असायचा. पोरगी पुन्हा भांडायला लागली होती ना.

आणि मग एक दिवस सर आजारी पडले. वर्ग नाही म्हणून कळवायला त्यांनी सगळ्यांना फोन केले. पडवीत नुसतं पिवळं कार्ड बघत, नाव कोणी विचारत नसे; पण फोन वहीतल्या नावाप्रमाणे, म्हणून तलासरीला मंगललाही केला. मंगल म्हणाली, "कुठला वर्ग? आम्ही तर चित्र बघून करतो."

आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. सोनूबाई आणि मंगल आल्या. मॅडम त्याच बाकावर बसली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. बोट उलटल्याची बातमी आलेल्या घरात असा चेहरा मी बघितला आहे. मला कळेना. कोणाचं काय गेलं? दोघींची सोय झाली, दोन्ही पोरी चालायला लागल्या.

"ताई, का बदललंत?" तिनं एवढंच विचारलं.

"लांब पडत होतं त्यांना," रंजना म्हणाली. "आणि तुम्हीच म्हणालात, सांगू नका."

मॅडमनं डोळे मिटले. मग हसली की रडली ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, समजा मी सगळ्यांना निवडू दिलं. जवळचे वर्गाला येणार, लांबचे घरी राहणार. ज्यांच्या घरी कोणी सोडायला आहे ते येणार, ज्यांना शेतावर जायचंय ते नाही येणार. मग शेवटी वर्गातले जास्त बरे झाले, तर ते वर्गामुळे, का घर जवळ असल्यामुळे? मला कधीच कळणार नाही. चिठ्ठी म्हणजे लांब-जवळ, गरीब-श्रीमंत, सगळ्यांना ढवळून एक करायचं."

आमच्या बाजारातली चिठ्ठी झाल्यावर आम्ही माणसाची अडचण बघतो. हिची चिठ्ठी मुद्दाम अडचण बघत नाही, आणि ते निर्दयपणानं नाही. न्यायाचे असे दोन चेहरे असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही खरे, आणि एकमेकांकडे पाठ करून उभे.

पण खरा घाव पुढेच होता. मी विचारलं, "मग आता हर्षूला वर्गातली धरणार ना?"

"नाही. तिची चिठ्ठी घरच्या कागदाची होती. हिशेबात ती त्याच गटात राहणार. मंगल वर्गाच्या."

"अगं, पण उभी ती राहिली! घाम हिनं गाळला! मंगल इथे आलीच नाही!"

"माहीत आहे. काय झालं ते सगळं लिहीन, लपवणार नाही. पण उद्या गावोगाव असे वर्ग काढले, तरी कितीतरी लोक लांब पडतं म्हणून येणारच नाहीत. तेही मोजायलाच हवं ना?"

सोनूबाईला एवढंच समजलं की कोणी पोलिसात देत नाही. तिनं निःश्वास टाकला आणि पिशवीतून उंबाडियू काढलं. हायवेला थंडीत मडक्यात पापडी आणि कंद भाजून विकतात ते. अजून कोमट होतं. "खा बाय," ती मॅडमला म्हणाली. "तोंड सुकलंय तुझं." आणि मॅडमनं खाल्लं, खरंच.

मग मॅडमनं जे सांगितलं त्यानं हर्षूचं तोंड सुकलं. वरिष्ठांना विचारल्याशिवाय तिला वर्गाला घेता येणार नव्हतं. तेवढे दिवस थांबा. ते दिवस मला आठवतच नाहीत, फक्त हर्षू आठवते, अंगणात बोंबलांच्या दोऱ्यांखाली डोळे मिटून एका पायावर उभी. तिला वाटायचं, थांबले तर घोटा सगळं विसरेल. निरोप आला, सुरू केलंय ते तोडू नका, येऊ द्या तिला. रंजनानं देवापुढे नारळ ठेवला. मंगलनं मात्र वर्ग नको म्हणून सांगितलं. तिनं कागद दारामागे चिकटवला होता, बांधावर उभी राहून करायची, आणि पळायलाही लागली होती. ते ऐकून रंजना माझ्याकडे वळली, "म्हणजे वन्सं, सुकट फुकट गेली?"

शेजारच्या चिखले गावची कबड्डीची स्पर्धा हंगामाच्या टोकाला असते. हर्षू तोवर पळत होती, वळत होती, आम्हाला तर ती पहिल्यासारखीच वाटायची. मॅडमनं तिला उडी मारायला लावून बघितलं. चांगल्या पायाची उडी पुढे, दुखऱ्या पायाची मागे. "अजून नाही," ती म्हणाली. "आत्ता उतरलीस आणि परत मुरगळला, तर मग बरंच अवघड जाईल. ठरव तूच."

संघाचे बाबूकाका घरी आले. मागे अर्धं गाव. "अगं, चालतेस तर छान! पट्टी बांध आणि उतर. आमच्या वेळी तुटलेल्या बोटानं खेळलोय आम्ही."

"ते बोट अजून वाकडंच आहे तुमचं, काका," हर्षू म्हणाली.

कोणीतरी हसलं. बाबूकाकांनी हात मागे घेतला. "गावाच्या नावाचा प्रश्न आहे, पोरी."

"मग गावाच्या नावाला बांधा पट्टी. मी पुढच्या वर्षी येते."

आमच्यात मुली असं बोलत नाहीत. रंजनाच्या हातातला चहाचा कप थांबला. भावानं मान खाली घातली, पण मी बघितलं, तो हसू गिळत होता. जी पोरगी खेळासाठी जीव टाकत होती, ती खेळाला नाही म्हणाली. मला त्या थंडीतला कुठलाच धक्का एवढा जोरात बसला नाही. आमचा संघ हरला. दोन-तीन घरं आमच्याशी तिरकं बोलली. हर्षू केंद्रात जाऊन गादीवर उभी राहत राहिली.

अजूनही लोक सकाळी माझ्याकडे येतात. मी पाऊल फिरवते, श्रद्धेचा मान राखायला हवा. मग म्हणते, आता दोन दिवस थांबून एका पायावर उभं राहायला लाग. ते म्हणतात, पायाळू आजी म्हातारी झाली. अभ्यासाचं उत्तर काय निघालं, ते मला ठाऊक नाही. मॅडमलाही अजून नाही. गावोगावचे घोटे मोजून व्हायचे आहेत. माहीत नसताना माणूस एवढा शांत कसा राहतो, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

परवा चिखल्याला यंदाचा पहिला सामना झाला. हर्षू चढाईला गेली. मी वाळूवर बसले होते आणि सामना काही मला दिसत नव्हता, मी फक्त एक घोटा बघत होते. तिनं आत घुसून एकीला स्पर्श केला, वळली, आणि कोपऱ्यातल्या मुलीनं झेप घालून नेमका तोच पाय घोट्यात पकडला. पिळला. वरून बाकीच्या कोसळल्या. धूळ. मी उठले की नाही, आठवत नाही. रंजनानं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

शिट्टी झाली. ढिगाऱ्यातून एकेक मुलगी उठली. सगळ्यात शेवटी हर्षू. ती उभी राहिली, दोन्ही पायांवर, आणि जिनं पकडलं होतं तिला म्हणाली, "नखं काप आधी!" आणि अंगावरची माती झटकत, सरळ चालत, रेषेबाहेर जाऊन बसली.

पंचानं हात वर केला. बाद.

आमच्या गावची मंडळी हळहळली. आणि मी, पांढऱ्या केसांची बाई, पोरगी बाद झाली म्हणून उभी राहून टाळ्या वाजवत होते. बाबूकाका वळून माझ्याकडे बघायला लागले, जणू मला वारं लागलंय.